स्वामी ते शत्रू : ‘असुर’ या शब्दाचा अर्थविचार

आजच्या मराठीत ‘असुर’ हा शब्द नाम म्हणून फारसा कानावर पडत नाही. तो पुराणकथेत, कीर्तनात आणि शाळेच्या पुस्तकात भेटतो. त्याचे विशेषण मात्र रोजच्या लिखाणात आहे. दुसऱ्याच्या हालात एखाद्याला सुख वाटत असेल तर त्या सुखाला ‘आसुरी आनंद’ म्हणतात, आणि जी हाव कशालाच जुमानत नाही ती ‘आसुरी महत्त्वाकांक्षा’ ठरते. असे बोलताना ‘सुर म्हणजे देव, आणि जो सुर नाही तो असुर’ ही फोड बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्याही मनात गृहीत असते. ही फोड व्याकरणाच्या नियमात चपखल बसते, परंतु शब्दाचा इतिहास तिच्या नेमका उलट दिशेने गेलेला आहे. ऋग्वेदात ‘असुर’ शंभराहून अधिक वेळा आला आहे, त्यांतील बहुसंख्य ठिकाणी तो आदराचा आहे, आणि ‘सुर’ हा शब्द त्या संहितेत देव या अर्थाने मुळीच नाही. ‘असुर’मधील आरंभीचा ‘अ’ पुढील काळात नकारार्थी समजला गेला, तो काढून टाकल्यावर जे उरले त्याला देव हा अर्थ देण्यात आला, आणि अशा रीतीने निषेधाचा शब्द आधी व ज्याचा निषेध करायचा तो नंतर, असा विपरीत क्रम घडून आला.

भाषेत अशी उलटी घडण अनोखी नाही. ‘विधवा’ हा प्राचीन, अखंड शब्द; पण त्यातील ‘वि’ हा उपसर्ग आहे अशा समजुतीने ‘धव’ म्हणजे नवरा हा शब्द नंतर निघाला. काळा या अर्थाच्या ‘असित’मधून पांढरा या अर्थाचा ‘सित’ निघाला तोही याच मार्गाने. प्राचीन शब्दशास्त्रज्ञ यास्काने ‘निरुक्ता’त ‘असुर’ची एकच व्युत्पत्ती न देता पर्याय मांडले : स्थानावर नीट न रमलेले, स्थानावरून फेकले गेलेले, ‘असु’ म्हणजे प्राण असलेले, आणि अखेरीस प्रजापतीने चांगल्यापासून सुर व वाईटापासून असुर निर्माण केले हा ब्राह्मणग्रंथांतील खुलासा. रामायणाच्या बालकांडातील कथा आणखी वेगळी आहे. समुद्रमंथनातून वारुणी म्हणजे सुरा निघाली, अदितीच्या पुत्रांनी ती घेतली म्हणून ते सुर, आणि दितीच्या पुत्रांनी नाकारली म्हणून ते असुर झाले. मद्य नाकारणारा तो असुर, हे वाचून आजचा वाचक थबकतो. परंतु शब्दाचा मूळ अर्थ हरवला की प्रत्येक पिढी आपल्या समजुतीने त्याला नवा अर्थ शोधते, आणि अशा लोकव्युत्पत्तीतून, म्हणजे ध्वनिसाम्यावर रचलेल्या स्पष्टीकरणातून, त्या पिढीचे मन दिसते.

येथे शेजारच्या शब्दांचा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण मराठी वाचक असुर, दैत्य, दानव, राक्षस आणि पिशाच हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. दैत्य आणि दानव ही मातृनामे आहेत. दितीची संतती ती दैत्य, दनूची ती दानव. राक्षस हा वेदांतील ‘रक्षस्’पासून आलेला शब्द यज्ञात विघ्न आणणाऱ्या, रात्री फिरणाऱ्या सत्त्वांसाठी होता, आणि पिशाच कच्चे मांस खाणारे मानले जात. या शब्दांना अनादराची छटा बहुधा आरंभापासूनच होती. ‘असुर’ मात्र वरच्या पायरीवरून खाली आला, आणि म्हणूनच त्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

ऋग्वेदात वरुण असुर आहे, मित्र असुर आहे, सविता, अग्नी, रुद्र, द्यौ आणि खुद्द इंद्रही असुर आहे. तिसऱ्या मंडलातील एका सूक्ताचे पालुपदच देवांच्या ‘असुरत्वा’चा गौरव करते. असुरत्व म्हणजे स्वामित्व, अधिकार, प्राणवान सामर्थ्य. सायणाचार्यांनीही अशा ठिकाणी प्राण देणारा किंवा बलवान असाच अर्थ केला आहे. तथापि त्याच संहितेत सूर्याला अंधाराने वेधणारा स्वर्भानू ‘आसुर’ आहे, आणि काही ठिकाणी इंद्राला वा अग्नीला असुरांचा वध करणारा म्हटले आहे. दहाव्या मंडलातील १२४ वे सूक्त या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तेथे अग्नी आपल्या असुर पित्याची बाजू सोडून निघतो आणि असुरांची माया संपल्याचे सांगितले जाते. सत्तेचे हस्तांतर झाल्याची ही चाहूल आहे, पण ते कोणाकडून कोणाकडे झाले याचे उत्तर सूक्त देत नाही, आणि गेली दीडशे वर्षे अभ्यासक त्याच उत्तराच्या शोधात आहेत.

या शोधाची दुसरी बाजू इराणात आहे. संस्कृतातील ‘स’ प्राचीन इराणी भाषांत अनेकदा ‘ह’ होतो. सप्त तेथे हप्त होतो, सोम हओम होतो. याच नियमाने असुर तेथे ‘अहुर’ आहे, आणि जरथुष्ट्राच्या धर्मातील परमेश्वराचे नाव अहुर मझ्द, म्हणजे प्रज्ञावान स्वामी. बेहिस्तूनच्या शिलालेखात इराणी सम्राट दारयवहू आपले राज्य त्याच्याच कृपेचे मानतो. पुढे पेहलवी भाषेत हे नाव ओहर्मझ्द झाले, त्यातून होर्मझ्द व होर्मसजी ही नावे आली, आणि ती मुंबईतील पारशी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवली गेली. ज्या शब्दाचे विशेषण मराठी माणूस क्रूरतेसाठी वापरतो, तोच शब्द त्याच्या शेजाऱ्याच्या नावात ईश्वरवाचक होऊन वावरत आला आहे. देव या शब्दाची गत तिकडे नेमकी उलट झाली. अवेस्तेत ‘दएव’ म्हणजे दुष्ट सत्त्व. ‘वेंदिदाद’ या ग्रंथात तर इंद्र, शर्व आणि नासत्य यांची नावे दएवांच्या यादीत आहेत. फारसी कथांतील ‘देव’ हा राक्षसच असतो, आणि मराठीत फारसीतून आलेला ‘दिवाणा’ हा शब्द मुळात अशा देवाने पछाडलेला या अर्थाचा आहे.

हे उलटसुलट नाते सर्वप्रथम ठसठशीतपणे मांडले गेले ते पुण्यात संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हाउग यांच्याकडून. १८६२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात त्यांनी असे प्रतिपादन केले की एकाच मूळ समाजात धार्मिक फूट पडली, एका गटाने देव स्वीकारले, दुसऱ्याने अहुर, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या पूज्याला दुष्ट ठरवले. हा सिद्धांत इतका आकर्षक आहे की आजही अनेक लोकप्रिय पुस्तकांत तो सिद्ध झाल्यासारखा सांगितला जातो. परंतु त्याच्यापुढे कालक्रमाची अडचण उभी राहते. फूट पडून दोन्ही समाज वेगळे झाले असतील तर ऋग्वेदाच्या जुन्या भागात असुर निंद्य असायला हवा होता. तो तेथे वंद्य आहे, आणि त्याची घसरण भारतातच, नंतरच्या स्तरांत झालेली दिसते. शिवाय इ. स. पू. चौदाव्या शतकातील मितान्नी राजाच्या तहनाम्यात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे एकाच पंक्तीत साक्षीदार आहेत. त्यामुळे दोन्हीकडील बदल एका भांडणातून न होता स्वतंत्रपणे झाले असावेत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

दुसऱ्या विचारप्रवाहाने असुरांचा माग मेसोपोटेमियात काढला. अश्शूर हे नगर, त्याच नावाचे दैवत आणि त्यावरून ओळखले जाणारे साम्राज्य यांच्याशी वैदिक असुरांचा संबंध जोडणाऱ्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे चिकित्सक पंडितही होते, म्हणून या मताची वासलात घाईने लावता येत नाही. तरीही ध्वनिसाम्यापलीकडे त्याला भक्कम आधार मिळालेला नाही. उलट मोर्दविन या फिन-उग्रिक गटातील भाषेत धनी या अर्थाचा ‘अझोर’ हा शब्द प्राचीन इंडो-इराणी भाषेतून उसना गेलेला आहे, आणि तो असे दाखवतो की स्वामी हा अर्थ भारतात येण्यापूर्वीच, उत्तरेच्या गवताळ प्रदेशात रुजलेला होता.

विसाव्या शतकात या चर्चेचा रोख बदलला. एफ. बी. जे. कुइपर यांनी असुर हे विश्वाच्या आद्य, अविभक्त अवस्थेचे देव मानले. इंद्राने वृत्राला मारून जग उलगडले, नवे देव सत्तेवर आले, वरुणासारखे काही असुर त्यांना मिळाले आणि उरलेले शत्रू ठरले. डब्ल्यू. ई. हेल यांनी १९८६ च्या ग्रंथात एकेक मंत्र तपासून याहून साधा निष्कर्ष काढला. असुर नावाचा देवांचा वेगळा गट आरंभी नव्हताच. ती नायकाला, मग तो देव असो वा मनुष्य, दिली जाणारी पदवी होती, आणि शत्रूंच्या नायकांसाठीही ती वापरली जाऊ लागल्यावर हळूहळू शत्रुत्वच तिचा अर्थ होऊन बसले. कुइपर यांची मांडणी मिथकांचा गाभा अधिक खोलवर उकलते, तर हेल यांची शब्दाच्या प्रत्यक्ष वापराशी अधिक प्रामाणिक राहते. शब्दार्थापुरता निवाडा करायचा तर हेल यांच्या बाजूचे पारडे जड आहे.

असुराला नीतीच्या दृष्टीने वाईट ठरवण्याचे काम त्यानंतर झाले, आणि तेही एका झटक्यात झालेले नाही. ब्राह्मणग्रंथांत देव आणि असुर दोघेही प्रजापतीची लेकरे आहेत. शतपथ ब्राह्मण सांगते की असुरांनी गर्वाने स्वतःच्याच मुखात आहुती घातल्या, तर देवांनी एकमेकांना दिल्या. म्हणजे दोष कुळात नसून कृतीत आहे. पतंजलीने ‘महाभाष्या’च्या आरंभी उल्लेखिलेले असुर तर केवळ ‘हे अरयः’ऐवजी ‘हेलयः’ असा अशुद्ध उच्चार केल्यामुळे हरतात, आणि परक्या बोलीबद्दलची तुच्छता शत्रूच्या व्याख्येत कशी शिरते याचा हा फार जुना पुरावा आहे. बृहदारण्यक उपनिषदात देव, माणसे आणि असुर हे तिघेही प्रजापतीचे शिष्य आहेत; ‘द’ या एकाच अक्षरातून देवांना दमाचा, माणसांना दानाचा आणि असुरांना दयेचा उपदेश ऐकू येतो. ज्याला दया शिकवता येते तो स्वभावतः नष्ट करण्याजोगा कसा ठरेल, हा प्रश्न येथे मोकळाच राहतो. छांदोग्यातील विरोचन आत्मविद्येसाठी इंद्राबरोबर प्रजापतीकडे जातो, पण शरीरालाच आत्मा समजून समाधानाने परततो, आणि असुर म्हणजे देहवादी हा अर्थ शब्दाला चिकटतो. या धाग्याची परिणती गीतेच्या सोळाव्या अध्यायात झाली. तेथे दैवी आणि आसुरी अशा दोन संपत्ती, म्हणजे दोन स्वभाव सांगितले आहेत, आणि दंभ, दर्प, क्रोध यांसारखे दोष ज्याच्यात असतील तो कोणाच्याही पोटी जन्मला तरी आसुरी आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० च्या सुमारास या दोषांचे एकेक करून मराठीत विस्ताराने निरूपण केले. आजच्या ‘आसुरी आनंदा’मागे पुराणातील लढायांपेक्षा हे निरूपणच अधिक उभे आहे.

शब्दाच्या इतर वाटांचा केवळ निर्देश पुरे. पाणिनीच्या गणपाठात असुर हे नाव शस्त्रावर उपजीविका करणाऱ्या संघांत येते. मनुस्मृतीत कन्येच्या नातलगांना द्रव्य देऊन केलेला विवाह ‘आसुर’ आहे. महाराष्ट्रात अनेक जातींत रूढ असलेली देज देण्याची चाल त्या व्याख्येत बसते, आणि बहुजनांची रीत शास्त्राच्या कोणत्या खणात टाकली गेली हे त्यावरून समजते. जैन परंपरेत असुरकुमार हा भवनवासी देवांचा एक वर्ग आहे. बौद्ध परंपरेत असुर हा मत्सराने सतत लढत राहणाऱ्यांचा लोक आहे, आणि ही कल्पना पूर्वेकडे जाता जाता जपानात पोहोचली. नारा येथील कोफुकुजी मंदिरातील ७३४ मधली त्रिमुखी, षड्भुज आशुराची मूर्ती मात्र कोवळ्या, चिंताक्रांत चेहऱ्याची आहे.

महाराष्ट्रात या शब्दाला जो ओलावा मिळाला तो ग्रंथांत क्वचितच सापडतो. जेजुरीला खंडोबाने मणी आणि मल्ल या दोन दैत्यांचा वध केला; पण मणी शरण आला आणि देवाजवळ स्थान मागून पूजेचा धनी झाला, तर मल्लाचे नाव खुद्द देवाच्या ‘मल्हारी’ या नावात शिरले. कोल्हापूरच्या कथेत मरणारा कोल्हासुर आपले नाव नगराला राहावे असा वर मागतो आणि महालक्ष्मी तो देते. ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडला जातो तेव्हा वध आणि स्मरण ही दोन्ही एकाच विधीत साजरी होतात. लोणारचे सरोवर लवणासुराची आठवण सांगते. शेताच्या बांधावर शेंदूर लावून बसवलेला म्हसोबा म्हणजे महिषासुरच, असे मत दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मांडले, आणि जी देवी अन्यत्र महिषाला मारते तिच्याशीच काही ठिकाणी म्हसोबाचे लग्न लागलेले असते याकडे त्यांनी लक्ष वेधले. रा. चिं. ढेरे यांच्या दैवतविषयक संशोधनानेही हेच दाखवले की पुराणांनी पराभूत ठरवलेली दैवते लोकांच्या पूजेतून हद्दपार झाली नाहीत.

या सर्वांत बळीचे स्थान निराळे आहे. हिरण्यकश्यपू, प्रल्हाद, विरोचन आणि बळी या चार पिढ्यांत एक भगवंताचा वैरी, एक भक्तांचा मुकुटमणी, एक देहवादी आणि एक दानशूर आहे. ‘असुरवंश म्हणजे दुष्टवंश’ हे समीकरण पुराणांनाही सांभाळता आलेले नाही. वामनाने पाताळात घातलेल्या राजाच्या नावाचा पाडवा दिवाळीत येतो, आणि इडापिडा टळून त्याचेच राज्य पुन्हा यावे अशी प्रार्थना घराघरांतील बायका ओवाळताना करतात. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना या प्रार्थनेला इतिहासाचा दर्जा दिला. बळी हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा, खंडोबा आणि म्हसोबा हे त्याच्या राज्याचे अधिकारी, आणि राक्षस म्हणजे रक्षक, असे त्यांनी मांडले. फुल्यांच्या कित्येक व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु तेवढ्यावर त्यांना बाजूला सारणे हा अन्याय ठरेल, कारण पराभूतांची कथा जेत्याने लिहिली असेल तर तिच्यातील शिवी हा पुरावा म्हणून कसा वाचायचा, हा त्यांचा प्रश्न शब्दाभ्यासाच्या मुळाशी जाणारा आहे. शरद पाटील आणि आ. ह. साळुंखे यांनी आपापल्या पद्धतीने तो पुढे नेला.

कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीला पहाटे अंगणात कारीट फोडतात ते नरकासुराच्या वधाचे प्रतीक म्हणून, आणि गोव्यात तर त्याच्या भल्याथोरल्या प्रतिमा रात्रभर मिरवून जाळल्या जातात. त्याच गोव्यात ‘देवचार’ हा शब्द हिंदूंच्या बोलण्यात गावाच्या सीमेचा राखणदार आहे, तर ख्रिस्ती कोकणीत तोच सैतान आहे. धर्म बदलला की पूज्याचे नाव दुष्टाला लागते, हे असुराच्या बाबतीत सहस्रकांपूर्वी काय घडले असेल याचा अंदाज देणारे जिवंत उदाहरण आहे.

हा विषय आज तातडीचा झाला आहे, कारण ‘असुर’ हे जिवंत माणसांचेही नाव आहे. झारखंडात नेतरहाटच्या पठारावर आणि त्याच्या आसपास राहणारा, परंपरेने लोखंड गाळणारा आणि मुंडा गटातील स्वतःची भाषा बोलणारा असुर समाज अनुसूचित जमातींत आहे. दुर्गापूजेचे दिवस त्या समाजातील अनेकांसाठी महिषासुराच्या शोकाचे असतात. या समाजातील मुलाला शाळेत स्वतःचे नाव दुष्टाचे विशेषण म्हणून शिकावे लागते, आणि या एका वस्तुस्थितीपुढे शब्दार्थाची चर्चा केवळ पंडितांची राहत नाही. महिषासुराच्या स्मरणाचा वाद २०१६ मध्ये संसदेतील चर्चेपर्यंत गेला, तेव्हा दोन्ही बाजूंनी शब्दाचा एकच काळ आणि एकच अर्थ धरून बोलणे झाले. वेदातील असुर, पुराणातील असुर आणि झारखंडातील असुर यांना एका रेषेत ओवणे मोहक असले तरी त्याला पुरेसा पुरावा नाही. मुंडांच्या स्वतःच्या कथेतही लोखंड गाळणारे असुर सिंगबोंगा या देवाच्या कोपाला बळी पडतात, आणि ती कथा वैदिक कथेची नक्कल नाही. सन्मान मिळवून देण्यासाठी इतिहास वाकवावा लागत नाही.

प्रस्तुत संग्रहाची रचना या जाणिवेतून झाली आहे. भाषाशास्त्रात एखाद्या शब्दाची पत घसरली तर त्याला अर्थापकर्ष म्हणतात आणि ती वाढली तर अर्थोत्कर्ष. अशोकाच्या लेखांत ‘पासंड’ म्हणजे कोणताही धर्मपंथ होता, त्याचे पुढे ‘पाखंड’ झाले. अशोकाचीच ‘देवानांप्रिय’ ही पदवी नंतरच्या व्याकरणात मूर्खाचा पर्याय ठरली. उलट ‘साहस’ हा धर्मशास्त्रातील हिंस्र गुन्हा मराठीत शौर्याचा झाला. ‘असुर’ या शब्दाची कहाणी या मालिकेतील असली तरी तिच्यात दैवतशास्त्र, व्याकरण, जातिव्यवस्था आणि लोकपूजा एकमेकांत इतकी गुंतली आहेत की कोणत्याही एका विद्याशाखेच्या अभ्यासकाला ती पूर्ण सांगता येत नाही. म्हणून येथे संस्कृतज्ञ, इराणी भाषांचे अभ्यासक, लोकसंस्कृतीचे संशोधक आणि समाजेतिहासकार यांचे लेखन एकत्र आणले आहे, आणि त्यांच्यातील मतभेद मिटवण्याचा प्रयत्न केलेला नाही. हाउग यांचा सिद्धांत एका निबंधात खोडला गेला आहे तर दुसऱ्यात सुधारून स्वीकारला आहे. वाचकाने दोन्ही वाचून आपले मत बनवावे अशी अपेक्षा आहे.

वापराची एक शिस्त मात्र सर्व लेखकांनी पाळली आहे. ‘असुर’ हा शब्द जेथे येतो तेथे तो कोणत्या ग्रंथातील, कोणत्या स्तरातील वा कोणत्या गावच्या पूजेतील आहे हे लगेच सांगितले आहे. जुन्या अवतरणांबाहेर ‘आसुरी’ हे विशेषण निंदेसाठी कोठेही वापरलेले नाही. आणि झारखंडातील लोकांविषयी लिहिताना ‘असुर समाज’ असेच म्हटले आहे, कारण ते त्यांचे नाव आहे.